समासातली टीप

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्ये दोन-तीन जणांनी "ब्लॉग बंद केलास का?" म्हणून विचारलं. बंद नाही हो, चर्चच्या जुन्या वह्यांमध्ये अडकले होते. आईच्या माहेरची, म्हणजे खोताच्या वाडीतली माणसं शोधत होते. काय काय सापडलं ते इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे अकरा जणांना अकरा वेळा फोनवर सांगायला नको :)

खोताची वाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिरगावात एका बाजूला केशवजी नाईकांची चाळ, जिथे १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला, आणि तिथून हाकेच्या अंतरावर ही वाडी. लाकडी जिने, कौलारू छपरं, पुढे व्हरांडा, आणि समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या. दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या शेवटी इथल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले, म्हणून नाव खोताची वाडी. एकेकाळी पासष्ट घरं होती असं सांगतात, आता तिसाच्या आत आली आहेत. गिरगावकरांना मात्र वाडी म्हटली की आधी आठवतं ते बंद पडलेलं अनंताश्रम आणि तिथलं माशाचं जेवण. आमच्या आजीला ह्याचा राग यायचा. "आम्ही काय खानावळीच्या मागे राहतो का?" म्हणायची.

तर माझी आई ह्या वाडीतली आणि वडील वसईचे. म्हणजे दोन्हीकडचे ख्रिस्ती, दोन्ही ईस्ट इंडियनच, पण लग्नाच्या वेळी वाडीतल्या मंडळींचा चेहरा असा होता की मुलगी परदेशात देतोय. आमच्या घरी कादोडी, शाळा मराठी, अंगणात केळी. त्यांच्या घरी इंग्रजी, पियानो (वाजवणारं कोणी नाही) आणि एक वाक्य, जे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल: "आम्ही खोताच्या वेळेपासूनचे." ते वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ईस्ट इंडियन हे नावही तसं जुनं नाही. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने, इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी गोव्याकडून, मंगळूरकडून येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला ते घेतलं आणि असोसिएशन काढली. त्याआधी सरकारदरबारी आम्ही नुसते 'पोर्तुगीज ख्रिश्चन'. ज्यांच्या घरात मराठीची एक बोली बोलतात, लग्नात उंबराचं पाणी आणतात, ते पोर्तुगीज! समाजाबद्दल वाचायचं असेल तर एल्सी बाप्टिस्टांचं १९६७ सालचं इंग्रजी पुस्तक आहे. पण पुस्तकात समाज सापडतो. आपली पणजी सापडायची असेल तर चर्चच्या वहीकडेच जावं लागतं.

आता ह्या वह्या काय असतात. माझे बरेच वाचक हिंदू आहेत, त्यांना पटकन कळेल असं सांगायचं तर नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे घराण्याच्या नामावळीच्या वह्या असतात ना, त्यांच्या जवळची गोष्ट. पण फरकही मोठा आहे. उपाध्यायांच्या वहीत तुम्ही यात्रेला गेलात तर नाव चढतं, आणि तिथे मुख्यतः पुरुषांची ओळ चालते. चर्चच्या वहीत तुम्ही जन्मलात, लग्न केलंत किंवा मेलात की नाव चढतं, तुमची इच्छा असो वा नसो. बायकांची नावं येतात. दोन महिन्यांचं बाळ गेलं तरी त्याचं नाव येतं. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा आणि लग्न ह्यांच्या वह्या ठेवणं सगळ्या धर्मग्रामांना बंधनकारक केलं, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथात नोंद कशी लिहायची त्याचे नमुनेच दिले, मृत्यूच्या नोंदीसकट. हेतू साधा होता: कोणी गुपचूप दुसरं लग्न करू नये, नात्यात लग्न होऊ नये. इतिहासकारांची सोय व्हावी असं कोणाच्या मनातही नव्हतं.

सोय मात्र झाली, आणि चांगलीच झाली. १९५० च्या दशकात लुई आन्री नावाच्या फ्रेंच माणसाने ह्या नोंदींवरून एकेका कुटुंबाचा पट पुन्हा जुळवायची रीत बसवली. एक जोडपं घ्यायचं, त्यांच्या लग्नाची तारीख, मग एकेका मुलाचा बाप्तिस्मा, मग कोण कधी गेलं, सगळं एका कागदावर. असे शेकडो कागद झाले की गाव बोलायला लागतं. इंग्लंडमध्ये रिग्ली ह्यांनी कॉलिटन नावाच्या एका गावाचं असं काम १९६६ मध्ये छापलं. त्यात दिसलं की सतराव्या शतकात तिथे प्लेग येऊन गेल्यावर मुलींची लग्नं पार तिशीच्या जवळ व्हायला लागली आणि मुलंही कमी होऊ लागली. कोणी पत्रात लिहून ठेवलं नव्हतं, कोणाच्या रोजनिशीत नव्हतं. नुसत्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून कळलं. पुढे त्याच मंडळींनी ४०४ धर्मग्रामांचे आकडे घेऊन सगळ्या इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास लिहिला.

आपल्याकडे हे जसंच्या तसं करायला गेलं तर डोकं धरून बसावं लागतं. पहिलं कारण आडनावं. बाप्तिस्मा घेताना पोर्तुगीज आडनावं मिळाली आणि ती मोजकीच. डिमेलो, परेरा, फरेरा, बाप्टिस्टा, रॉड्रिग्ज. वसईत एकेका आळीत दहा-बारा घरं डिमेलोंची आणि एकमेकांशी सुतराम नातं नाही. नावंही संतांचीच, त्यामुळे एकाच पानावर तीन जुझे डिमेलो सहज निघतात. मग ओळखायचं कसं? तर आईच्या नावावरून, राहण्याच्या जागेवरून, आणि सगळ्यात जास्त धर्मपिता-धर्ममाता कोण उभे राहिले त्यावरून. हे मला आधी सुचलं नव्हतं, पण आता वाटतं की नोंदीतला सगळ्यात बोलका रकाना तोच. माणूस आपल्या पोराला कोणाच्या हातात देतो, ह्यावरून त्याचं जग कळतं. आमच्या पणज्याच्या पहिल्या दोन मुलांना धर्मपिता म्हणून गावाकडचे नातेवाईक उभे आहेत आणि तिसऱ्यापासून वाडीतले शेजारी. म्हणजे मधल्या पाच वर्षांत माणूस वाडीचा झाला.

दुसरं कारण चर्चचं राजकारण. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना मुंबईतून घालवलं आणि त्यांच्या जागी कार्मेलाईट आणले. पुढे १७९४ पासून मुंबईतल्या चर्चची वाटणीच झाली. काही गोव्याच्या आर्चबिशपांच्या ताब्यात, काही रोमने थेट नेमलेल्या बिशपांच्या. हा घोळ १९२८ साली रोम आणि पोर्तुगाल ह्यांच्यात करार होईपर्यंत चालला. त्याचा अर्थ असा की एकाच घरातल्या माणसाचा बाप्तिस्मा एका चर्चच्या वहीत आणि लग्न अर्ध्या मैलावरच्या दुसऱ्या चर्चमध्ये, दुसऱ्या भाषेत! जुन्या नोंदी पोर्तुगीज नाहीतर लॅटिन, नंतरच्या इंग्रजी. चर्चही जागची हलली आहेत. किल्ल्यासमोरचं मैदान मोकळं करायचं म्हणून एस्परांसाचं चर्च पाडलं आणि ते भुलेश्वरकडे गेलं, तशी माणसंही सरकली. 'गिरगावचे ख्रिस्ती' म्हणजे नेमके कुठून आलेले, हा प्रश्न म्हणून सरळ नाही.

(कुठल्या चर्चमध्ये आम्ही गेलो ते मुद्दाम लिहीत नाही. एकापेक्षा जास्त आहेत, आणि तिथले ऑफिस सांभाळणारे लोक आधीच दाखल्यांच्या रांगांनी वैतागलेले असतात. वही हातात मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाव, अंदाजे साल आणि नातं लिहून द्यायचं, ते शोधून देतात. आमच्यावर एका वयस्कर धर्मगुरूंची कृपा झाली आणि त्यांनी स्वतः शेजारी बसून पानं उलटून दाखवली. शाईने कागद खाल्लेला, कडा वाळवीने. पान उलटताना ते श्वास रोखून धरायचे, मग मीही.)

आता ते वाक्य. "आम्ही खोताच्या वेळेपासूनचे."

वाडीतल्या आमच्या घराण्याची सापडलेली पहिली नोंद लग्नाची आहे, १८८९ सालची. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्नाच्या नोंदीत वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, वडिलांचं नाव असे रकाने आणले, त्यामुळे बरंच कळतं. नवरा मुलगा वय २४, धंदा कंपॉझिटर, राहणार गिरगाव. आणि पुढे पाद्रीसाहेबांनी आपल्या हाताने घातलेली भर: मूळचा उत्तनचा.

उत्तन! भाईंदरच्या पुढचं, दर्याकाठचं उत्तन. जिथून खाडीपलीकडे वसई दिसते. म्हणजे आईच्या लग्नात ज्यांनी "खाडीपलीकडची माणसं" म्हणून नाकं मुरडली होती, त्यांचा पणजोबा आमच्या किल्ल्याकडे बघत लहानाचा मोठा झालेला. माझ्या वडिलांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. वाडीकडच्या एका मामांनी मात्र मेलला उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यांनी विचारलं, "स्पेलिंग नीट वाचलंस का?" तिसऱ्यांनी काका बाप्टिस्टांचं उदाहरण काढलं, की लोकमान्य टिळकांबरोबर होमरूल लीग काढणारे, मुंबईचे महापौर झालेले जोसेफ बाप्टिस्टाही मूळ घराण्याने उत्तनचेच होते. म्हणजे उत्तन आता प्रतिष्ठित झालं आहे. असो.

मला ह्यात वाईट वाटण्यासारखं काहीच दिसत नाही. चोवीस वर्षांचा मुलगा मासळीच्या गावातून येतो, छापखान्यात उलटी अक्षरं जुळवायला शिकतो, वाडीत भाड्याने जागा घेतो, आणि तिसऱ्या पिढीत त्याची नातवंडं आपण इथलेच म्हणून बढाई मारतात. गिरगावातल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे, मग ती चाळ असो की वाडी, रत्नागिरी असो की उत्तन.

आता आजीबद्दल. हे लिहायचं की नाही ह्यावर बराच विचार केला, मोठ्या मावशीला विचारलं, ती "लिही" म्हणाली.

आजी २००४ साली गेली. तिच्या कप्प्याच्या संगमरवरी पाटीवर जन्मसाल १९१६ आहे. शाळेच्या दाखल्यावर तेच, नोकरीच्या कागदांवर तेच. मी तिचा बाप्तिस्मा बघायला १९१६ ची वही मागितली आणि नोंद पहिल्या दहा मिनिटांत सापडली. नाव बरोबर, आईबाप बरोबर, घर बरोबर. मी उठणार इतक्यात धर्मगुरू म्हणाले, "समास कोरा आहे."

त्याचं असं आहे. १९०८ पासून रोमचा नियम आला की माणसाचं लग्न झालं की ते जिथे त्याचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चला कळवायचं, आणि तिथे बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात टीप लिहायची: अमुक तारखेला अमुक चर्चमध्ये अमुकशी लग्न झालं. म्हणजे जन्माच्या ओळीशेजारीच माणसाचं पुढचं आयुष्य येऊन चिकटतं. कोणी लंडनला लग्न केलं, कोणी कराचीला, कोणी जोगीण झाली, सगळं समासात. आजीचं लग्न गिरगावातच १९४१ साली झालं होतं. तिचा समास कोरा राहायचं कारण नव्हतं.

धर्मगुरूंनी काही न बोलता मृत्यूची वही काढली. ऑक्टोबर १९१८. ती पानं मी विसरणार नाही. एरवी एका पानावर कित्येक आठवडे मावतात, तिथे एका पानात तीन दिवस संपत होते. मुंबईत इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट तेव्हा भरात होती, एकट्या ६ ऑक्टोबर १९१८ ला शहरात ७६८ माणसं गेली. अक्षर घाईचं होत गेलेलं, मध्येच हात बदललेला. आणि त्यात आजीचं नाव. वय दोन वर्षं, खोताची वाडी.

मग १९१९ ची वही. ऑगस्ट महिना. तेच नाव, तेच आईबाप, आणि समासात १९४१ सालच्या लग्नाची टीप, आजोबांच्या नावासकट.

गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवायची चाल जगभर होती. लुई आन्रीच्या रीतीत तर हा एक ठरलेला पुरावाच आहे: मृत्यूची नोंद सापडली नाही, पण धाकट्याला तेच नाव दिसलं, तर थोरलं गेलं असं धरायचं. हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि आपल्या आजीच्या बाबतीत बोट ठेवून बघणं वेगळं.

आता प्रश्न असा की १९१९ ला जन्मलेल्या मुलीच्या कागदांवर १९१६ कसं आलं. मावशीचं म्हणणं, घरात बाप्तिस्म्याचा दाखला थोरलीचाच काढून ठेवलेला असणार, शाळेत नाव घालताना पणजोबांनी तोच नेला, दुसऱ्या दाखल्याचे पैसे कोण घालवतो. आईचं म्हणणं, मुद्दाम नेला. मुलगी लवकर शाळेत गेली म्हणजे लवकर कमावती झाली. दोघी बहिणी ह्यावर आजही भांडतात. मला आईचं पटतं, कारण पणजोबा कंपॉझिटरचा मुलगा होता. छापलेल्या कागदाची किंमत त्या घरात सगळ्यांना ठाऊक होती.

पण ह्या तीन वर्षांचा हिशेब पुढे कोणी चुकवला? आजी शाळेत शिकवायची. कागदावर अठ्ठावन पुरी झाली म्हणून १९७४ साली निवृत्त झाली, खरं वय पंचावन. आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. धाकटा मामा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, त्याने कॉलेज सोडलं आणि पुढे बहारिनला गेला. अजून तिकडच्याच लोकांत राहतो. ती तीन वर्षं आजीचा पगार चालू राहिला असता तर तो शिकला असता, हे सरळ आहे. आजीला आपलं खरं वय ठाऊक होतं का? मावशी म्हणते, असणारच. आईला आठवतं की निवृत्तीच्या दिवशी घरी आल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती आणि मग एवढंच म्हणाली, "झालं तिचं अठ्ठावन." 'माझं' नाही, 'तिचं'. तेव्हा कोणाला काही कळलं नाही, शब्द चुकला असेल म्हणून सोडून दिलं.

मामाला मी फोनवर सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ऑगस्ट म्हणालीस ना? तारीख काय?" तारीख सांगितली, लिहून घेतली. आम्ही सगळे आयुष्यभर आजीचा वाढदिवस फेब्रुवारीत करत आलो.

आता घरात वाद चाललाय तो पाटीचा. आईचं मत, दगड बदलून १९१९ करावं, खोटं कशाला ठेवायचं. मोठ्या मावशीने साफ नाही म्हटलं. थोरलीला पुरलं ती जागा कधीच दुसऱ्या कोणालातरी गेली, तिचं नाव कुठेही कोरलेलं नाही. ह्या एका पाटीवर नाव दोघींचं आहे, साल एकीचं आहे, आणि महिना-तारीख लिहिलेलीच नाही. "राहू दे तसंच," म्हणाली, "दोघी बसतील त्यात." आईने अजून हो म्हटलेलं नाही.

१८८९ च्या मागे जायचं तर आता उत्तनला जावं लागेल. पावसाळा संपला की जाणार आहे, वडील येतो म्हणालेत (त्यांना मजा बघायची आहे). तोवर वाडीकडच्या मंडळींना एक विनंती. तुमच्या ट्रंकांत, अल्बमात जे जुने फोटो आहेत त्यांच्या फक्त पुढच्या बाजूचे स्कॅन पाठवू नका, मागची बाजूही पाठवा. टोरांटोच्या मंडळींनी गेल्या वेळी पाठवलेल्या एकोणीस फोटोंपैकी दोनांवर मागून शाई उमटलेली दिसतेय आणि ती मला आरशात धरूनही वाचता येत नाहीये.